फ्रिजला कान नसतात: अंगावर बांधायच्या पट्ट्यांचं साधं गणित

पातेल्याला कान असतात, बादलीला कडी असते, ट्रंकेला दोन्ही बाजूंना मुठी असतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, डबल बेडची गादी, आठ बाय चारचा प्लाय यांना धरायला काहीच नसतं. ५० किलोची सिमेंटची गोणी एकटा हमाल पाठीवर टाकून चालू लागतो, पण तेवढ्याच वजनाचा फ्रिज दोन धडधाकट माणसांना घाम फोडतो. वजन सारखंच असतं, फक्त गोणी अंगाला चिकटते आणि फ्रिज चिकटत नाही. अशा वस्तूंसाठी अंगावर घालायचे पट्टे मिळतात. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांची माणसं ते वापरताना तुम्ही पाहिली असतील, ऑनलाइनही ते स्वस्तात मिळतात. जाहिरातीत दोन हसतमुख माणसं सोफा घेऊन जिना चढत असतात आणि खाली ‘वजन निम्मं वाटेल’ अशा छापाचं काहीतरी लिहिलेलं असतं. वजन निम्मं होत नाही. मग नेमकं काय होतं, ते बघू.

या पट्ट्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला हातात अडकवायचा. दोन लांब पट्टे वस्तूखालून जातात आणि त्यांच्या टोकांना शिवलेल्या फाशांत दोन्ही माणसं आपापले हात कोपराजवळपर्यंत घालतात. वजन बोटांवर न येता कोपराजवळच्या हातावर येतं. दुसरा प्रकार खांद्यावरचा. यात प्रत्येक माणूस पाठीवर फुली पडेल असा पट्टा दोन्ही खांद्यांवरून घालतो, त्याचं बक्कल छातीपोटाच्या मधोमध येतं आणि वस्तूखालून गेलेल्या एकाच लांब पट्ट्याची दोन टोकं दोघांच्या बक्कलांत अडकतात. हातातला पट्टा पटकन सोडता येतो, पण दंड आणि कोपर लवकर थकतात. खांद्यावरचा जास्त वजन पेलतो, पण तो घातला की तुम्ही त्या वस्तूला अक्षरशः बांधलेले असता. दोन्हींमधला खरा फरक हाच आहे आणि खरेदी करताना तो कुणी सांगत नाही.

पाठ का धरते

कमरेच्या मणक्यांमागे जे स्नायू आहेत ते मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढतात. हातातली वस्तू मात्र मणक्यापासून कितीतरी पुढे असते. तराजूच्या एका बाजूचा दांडा ५ सेंटिमीटरचा आणि दुसऱ्या बाजूचा ५० सेंटिमीटरचा असेल, तर आखूड बाजूला दसपट ओढावं लागणार. पाठीचं नेमकं हेच होतं.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्या. ती साधारण ७० किलो भरते, कारण ड्रम फिरताना मशीन घरभर नाचू नये म्हणून कंपनीने आत मुद्दाम काँक्रीटचे किंवा तसलेच जड ठोकळे बसवलेले असतात. दोघांनी उचलली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ किलो. आता खाली वाकून, तळाशी बोटं घालून ती उचलताना हात कमरेच्या मणक्यापासून सहज ५० सेंटिमीटर पुढे जातात. म्हणजे पाठीच्या स्नायूंना सुमारे ३५० किलोच्या ओढीइतका जोर लावावा लागतो. तुमच्या स्वतःच्या वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही, ते वेगळं. नायोश ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली सरकारी संस्था आहे. तिने कमरेच्या मणक्यावरच्या दाबासाठी धोक्याची खूण ३४०० न्यूटनवर, म्हणजे साधारण ३५० किलोच्या भारावर लावली आहे. वॉशिंग मशीन जमिनीवरून सुटण्याआधीच आपण ती खूण ओलांडलेली असते.

याच संस्थेचं १९९१ सालचं एक सूत्र आहे. एका माणसाने दोन हातांनी किती वजन उचलावं, याचा अंदाज त्यातून मिळतो. सुरुवात २३ किलोपासून होते. परिस्थिती अगदी आदर्श, म्हणजे वस्तू घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, पकड उत्तम आणि अंग न पिळता उचलायचं असेल, तर २३ किलो. आता वस्तू ५० सेंटिमीटर दूर गेली की आकडा थेट निम्मा होतो, साडेअकरा. ती जमिनीवरून उचलायची असेल तर आणखी घट होऊन सुमारे ९ उरतात. धरायला नीट जागा नसेल तर त्यातलाही दहावा भाग जातो आणि ८ किलो उरतात. वस्तू तीच, माणूस तोच, तरी २३ चे ८ झाले. हे सूत्र पट्ट्यांसाठी केलेलं नाही आणि दोन माणसांसाठीही नाही, पण अवजड सामानाची खरी अडचण कुठे आहे ते त्यात लख्ख दिसतं. अंतर, उंची आणि पकड या तीन गोष्टींनी वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश फडशा पाडला. पट्टा या तिन्हींवर काम करतो.

पट्टा नेमकं काय बदलतो

खांद्यावरचा पट्टा घातला की वजन छातीसमोरच्या बक्कलापाशी येतं. मणक्यापासून ते अंतर साधारण १५ ते २० सेंटिमीटर. वरचाच हिशोब २० सेंटिमीटर धरून केला तर पाठीच्या स्नायूंवरची ओढ ३५० वरून १४० किलोवर येते. त्यातून माणूस किंचित मागे रेलला की आणखी कमी होते. पुण्याच्या ढोलपथकातला वादक कमरेला ढोल बांधून उभा राहतो तेव्हा त्याची पाठ आपोआप मागे झुकते, तेही याच कारणाने. समोर लटकलेल्या वजनाला तो स्वतःच्या धडाचं वजन उलट बाजूला देत असतो. (तासन् तास असं मागे झुकून राहिल्यावर कंबर का बोलते, हेही त्यात आलंच.)

मणक्यावर येणारं सरळ उभं ३५ किलोचं ओझं कुठेच जात नाही. ते खांद्यांवरून कमरेत आणि तिथून पायांत उतरतं. काम करतात ते मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे स्नायू, आणि ते शरीरातले सगळ्यात दमदार स्नायू आहेत. दुसरा फायदा उंचीचा. पट्टा वस्तूच्या तळाखालून येत असला तरी तुमचा हात तळापर्यंत न्यावा लागत नाही, म्हणजे कंबरेत वाकायचं कारणच उरत नाही, गुडघ्यात वाकलं की पुरतं. तिसरा फायदा माझ्या मते सर्वांत मोठा आहे, तो म्हणजे हात मोकळे होतात. बोटांची पकड हा उचलण्याच्या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा. पाठ आणि पाय अजून तयार असतात, पण बोटं सुटतात आणि कपाट पायावर येतं. पट्ट्याने वजन पेललं की हातांना फक्त तोल सांभाळायचा असतो.

मात्र हात मोकळे झाले म्हणजे खिशात घालायचे नाहीत. पट्टा वस्तूच्या तळाखालून जातो आणि फ्रिजचं गुरुत्वमध्य तळापासून बरंच वर असतं. नुसत्या पट्ट्यावर ठेवलेला फ्रिज कोणत्याही क्षणी बाजूला कलंडू शकतो. म्हणून दोघांचेही तळवे वस्तूच्या वरच्या भागावर टेकलेले हवेत, ढकलत नाही, फक्त राखत.

डोक्यावरचा पट्टा आणि नामचेची वाट

ही कल्पना अर्थातच नवी नाही. नेपाळमधले भारवाहक ‘नाम्लो’ नावाचा पट्टा वापरतात. पाठीवर ‘डोको’ ही बांबूची निमुळती टोपली, तिच्या खालून फिरवलेली दोरी आणि त्या दोरीचा रुंद भाग डोक्यावर. बघणाऱ्याला तो कपाळावर वाटतो, पण सरावलेले भारवाहक तो थोडा वर, टाळूच्या पुढच्या बाजूला घेतात, म्हणजे भार मानेच्या मणक्यांतून सरळ खाली जातो आणि मान मागे खेचली जात नाही. सोबत ‘तोक्मा’ ही टी आकाराची काठी असते. दर काही पावलांनी थांबून तिच्यावर टोपली टेकवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा चालायचं. वजन खाली उतरवायचं नाही, कारण उतरवलं की पुन्हा उचलावं लागतं.

एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारला माल नेणाऱ्या या लोकांवरचा अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के आणि बायका ६६ टक्के ओझं वाहत होत्या. काही जण स्वतःच्या वजनाहून बरंच जास्त. जड ओझ्याला त्यांना लागणारी ऊर्जा पाठपिशवी घेतलेल्या पाश्चात्त्य माणसांच्या तुलनेत कमी निघाली. त्याआधी १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर अभ्यास झाला होता. लुओ बायका ओझं डोक्यावर ठेवतात, किकुयू बायका डोक्यावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ जादा ऊर्जा न वापरता नेत होत्या.

हे वाचून कुणी उद्या कपाळाला ओढणी बांधून गॅस सिलिंडर पाठीवर घेऊ नये. ती माणसं लहानपणापासून ओझी वाहतात, त्यांची मान आणि चाल त्याच वळणाची झालेली असते. आपली मान मोबाइलच्या वळणाची आहे. पण या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. कोरियातली ‘जिगे’ ही पाठीवर घ्यायची लाकडी चौकट घ्या, आपल्याकडची कावड घ्या, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घेतलेली पाटी घ्या. सगळीकडे वजन शरीराच्या मधल्या उभ्या रेषेजवळ आणलेलं आहे आणि बोटांवरून काढून हाडांवर दिलेलं आहे.

लांबी जमली की निम्मं काम झालं

पट्टा वापरताना सर्वांत जास्त चुका लांबीत होतात. वस्तू एका बाजूला थोडी कलवून पट्टा तळाखाली मधोमध सरकवायचा, मग दोघांनी गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ ठेवायची आणि त्या स्थितीत पट्टा ताठ होईल इतका आखडायचा. आता उभं राहिलं की वस्तू जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटरच सुटायला हवी. त्याहून जास्त उचलण्यात काही मोठेपणा नाही. वस्तू जितकी खाली तितका तोल सोपा, आणि सटकलीच तर बोटभर उंचीवरून टेकते. उभं राहूनही वस्तू सुटतच नसेल तर पट्टा सैल आहे. अशा वेळी टाचा उंचावून, खांदे उचलून ती ‘कशीबशी’ उचलायचा मोह होतो. तो टाळून पुन्हा खाली बसायचं आणि पट्टा आखडायचा.

दुसरी चूक वस्तूपासून लांब उभं राहण्याची. पट्टा जितका उभा तितकं बरं. तो उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्यातला ताण १५ टक्के वाढतो, आणि वर तुम्हाला वस्तूकडे खेचणारी आडवी ओढ निर्माण होते. ३५ किलोच्या वाट्याला ही आडवी ओढ तब्बल २० किलोची भरते. कोन ४५ अंशांचा झाला तर आडवी ओढ पूर्ण ३५ किलोची. म्हणजे उचलायचे ३५ आणि शिवाय मागे रेटायचे ३५. म्हणून दोघांनीही पोट जवळजवळ वस्तूला लागेल इतकं जवळ उभं राहायचं. दिसायला विचित्र दिसतं, दिसू द्या.

एक उंच आणि एक बुटका अशी जोडी असेल तर दोघांची लांबी वेगळी ठेवावी लागते, बक्कलं त्यासाठीच असतात. आणि उचलण्याआधी हुकूम कोण देणार हे ठरवा. ‘एक, दोन, तीन’ मधल्या तीनला उचलायचं की तीन झाल्यावर, यावर अर्धा महाराष्ट्र आजवर एकमत होऊ शकलेला नाही. एकाने आधी उचललं तर तेवढा क्षण जवळपास सगळं वजन एकाच बाजूला आणि तेही झटक्याने येतं. झटक्याने आलेलं वजन स्थिर वजनाच्या दुप्पट भरू शकतं. ‘उचल’, ‘थांब’, ‘टेकव’ हे तीन शब्द पुरतात.

जिना

सपाट जागेवर पट्टा चुकला तरी फारसं बिघडत नाही. जिन्यावर बिघडतं. मुंबईच्या जुन्या चाळी आणि लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींचे जिने ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून खडे असतात, आणि सामान मात्र २१ व्या शतकातलं असतं.

जिन्यावर वजन निम्मं-निम्मं वाटलं जात नाही, एवढं बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असतं. किती वाटलं जातं, ते बघा. वॉशिंग मशीनची उंची ८५ सेंटिमीटर, तळ ६० चा. गुरुत्वमध्य अंदाजे निम्म्या उंचीवर धरू. ती फक्त १५ अंश कलली तर तिचा मध्य खालच्या माणसाच्या बाजूला सरकतो आणि ७० किलोपैकी जवळपास ४८ किलो त्याच्यावर, २२ वरच्यावर अशी वाटणी होते. ३५ अंश कलली, म्हणजे जिन्याच्या उताराला समांतर झाली, की जवळजवळ सगळे ७० किलो खालच्या माणसावर येतात. वरचा माणूस मनापासून ओढत असतो, पण प्रत्यक्षात काहीच पेलत नसतो. उंच फ्रिजच्या बाबतीत हे आणखी कमी कोनात घडतं.

म्हणून जिन्यावर वस्तू उताराला समांतर नाही, सपाट ठेवायची. तेच काम पट्ट्याची लांबी करते. वरच्या पायऱ्यांवर उभा असलेल्या माणसाचे खांदे वस्तूच्या तळापासून जास्त उंच, म्हणून त्याचा पट्टा लांब. खालच्याचे खांदे तळाच्या जवळ, म्हणून त्याचा आखूड. जिना सुरू होण्याआधी सपाट जागी थांबून ही लांबी बदलायची असते. सपाटीवरची लांबी ठेवून जिना चढायला लागलं की वस्तू कलणारच. जिना फार खडा असेल तर फरक इतका मोठा होतो की खालच्याला वस्तू छातीपर्यंत घ्यावी लागते. असा जिना पट्ट्याने चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खालची जागा जास्त ताकदवान माणसाची. चढताना वरचा माणूस मागे-मागे पायऱ्या चढतो, उतरताना तो तोंड खाली करून येतो आणि खालचा उलटा उतरतो. म्हणजे उतरणं जास्त धोक्याचं, कारण सगळ्यात जास्त वजन आणि डोळ्यांआडची पायरी एकाच माणसाच्या वाट्याला येते. इथे तिसरा माणूस लागतो. त्याने हात लावायचा नाही, खालच्याच्या मागे राहून ‘एक पायरी, अजून एक, लँडिंग आलं’ एवढंच सांगत जायचं. प्रत्येक लँडिंगवर वस्तू टेकवायची. वळणावर पट्टा घालून फिरणं अवघड, कारण दोन माणसं आणि मधली वस्तू मिळून एक लांबलचक आडवा दांडा झालेला असतो. वस्तू खाली टेकवावी, पट्टे काढावेत, तळाखाली गोणपाट घालून ती जागेवरच फिरवावी आणि मग पुन्हा पट्टे घालावेत. पाच मिनिटं जातात, जाऊ द्यावीत.

आणि पायात स्लिपर नको. भिजलेल्या पायरीवर तर मुळीच नको.

एकट्याने न्यायचं असेल तर

प्लायवूड, प्लायचं दार, मोठी काच, गादी या चपट्या वस्तूंना वेगळी युक्ती लागते. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय जातीनुसार ३२ ते ३७ किलो भरतो. वजन एकट्याला पेलण्यासारखं, पण हात पुरत नाहीत. चार फूट उंच तावाचा खालचा कोपरा धरायचा तर माणूस वाकडा होतो. इथे साधी दोरी पुरते. साडेपाच-सहा मीटर दोरीचं गाठ मारून एक मोठं कडं करायचं, त्याच्या दोन टोकांत तावाचे खालचे दोन कोपरे अडकवायचे आणि मधल्या भागाला ओढून तिथे मूठ करायची. ताव बगलेत उभा राहतो, एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने वरची कड. हीच गोष्ट रुंद पट्ट्याने खांद्यावरून केली तर मूठही मोकळी होते, आणि बाजारातले प्लाय-गादीचे पट्टे म्हणजे याचीच शिवलेली आवृत्ती.

या तावाचा खरा शत्रू वारा आहे. पूर्ण ताव जवळपास ३ चौरस मीटरचा, म्हणजे छोटं शीडच. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्यावर समोरून आला तर १२-१५ किलोचा धक्का बसतो, तोही कोणत्या क्षणी ते न सांगता. गच्चीवर किंवा दोन इमारतींच्या मधल्या बोळात हा वारा नेहमीचा. म्हणून एकट्याने ताव नेताना पट्टा अंगाला असा कधीच गुंडाळू नये की ताव उडाला तर तुम्हीही सोबत जाल. काच एकट्याने आणि खांद्याच्या पट्ट्याने नेऊच नये. ५ मिलिमीटर काचेचा एक चौरस मीटर साडेबारा किलो भरतो, आणि ती फुटली की बांधलेल्या माणसाला बाजूला उडी मारता येत नाही.

बांधलेलं असणं हाच या सगळ्या पट्ट्यांचा मुख्य धोका आहे, आणि तो वजनाने मोजता येत नाही. हाताने धरलेलं कपाट पडायला लागलं तर माणूस हात सोडून मागे सरतो. खांद्यावर पट्टा असेल तर पडणारं कपाट त्याला सोबत घेऊन जातं. म्हणून उचलण्याआधी, वस्तू जमिनीवर असतानाच, बक्कल एका हाताने किती चटकन सुटतं हे दोघांनीही करून बघावं. पट्ट्याचं उरलेलं लांब टोक पायात लोळत ठेवू नये, दुमडून खोचावं. पट्टा मानेवरून कधीच घेऊ नये. खांद्यावरही तो रुंद हवा. अरुंद पट्टी गळपट्टीच्या हाडाजवळ रुतली तर तिथून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो आणि हाताला मुंग्या येतात. जड पाठपिशव्या वाहणाऱ्या सैनिकांत आणि गिर्यारोहकांत हा त्रास डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. मुंग्या आल्या की ताबडतोब टेकवायचं.

हर्निया, मणक्याची गादी सरकल्याचा इतिहास, खांद्याची दुखापत, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं. आणि कमरेला आवळायच्या रुंद चामडी पट्ट्याची या पट्ट्यांशी गल्लत करू नये. तो कमरपट्टा वजन दुसरीकडे नेत नाही. नायोशने १९९४ साली सांगितलं की धडधाकट कामगारांची पाठ त्याने वाचते याला पुरावा नाही, आणि २००० साली एका अमेरिकी दुकानसाखळीतल्या हजारो कामगारांवर झालेल्या अभ्यासातही फायदा दिसला नाही. तरी तो विकला जातो, कारण आवळलेली कंबर माणसाला उगाच बळ आल्यासारखं वाटायला लावते.

वजनाची मर्यादा ठेवायची तर कुठे ठेवायची? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची वरची हद्द सुचवली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली वेगळा कायदा झाला, आणि त्या चळवळीच्या जोरावर ओझ्याचा प्रश्न चर्चेत राहिला. पण ती हद्द रोज ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी आहे. घर बदलणाऱ्या दोघा मित्रांनी पट्ट्याच्या पाकिटावर ‘३०० किलोपर्यंत’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नये. तो पट्ट्याचा आकडा आहे, तुमच्या गुडघ्यांचा नाही. मी तरी पट्टा असूनही माणशी ३०-३५ किलोच्या वर जाणार नाही. फ्रिजमधले कप्पे, भाजीचा ट्रे आणि कपाटाचे खण आधी काढले तर हा आकडा पुष्कळदा आपोआप गाठला जातो. सपाट जागेवर ढकलगाडी मिळत असेल तर पट्टा वापरूच नये.

पट्टा स्वतः

चांगला पट्टा नवारीसारखा विणलेला, पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर फारसा ताणत नाही. नायलॉन ताणतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला वस्तू हलकेच खाली-वर होते, आणि ओला झाला की तो थोडा कमजोरही पडतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण उन्हात लवकर विरतं. लेबलवर तुटण्याचं वजन आणि कामाचं वजन हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतील तर विक्रेता प्रामाणिक समजावा. कारखान्यात क्रेनला लावायच्या कापडी पट्ट्यांसाठी युरोपीय मानक सातपट राखीव ताकद मागतं. जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनाचा, पिवळा ३ टनाचा असे त्यांचे रंगही ठरलेले आहेत. घरसामानाच्या पट्ट्यांना असली शिस्त क्वचितच असते, म्हणून एकच मोठा आकडा लिहिलेला दिसला तर तो तुटण्याचा आकडा आहे असं समजून चालावं.

लांबी कमी करायला पट्ट्याला गाठ मारू नये. गाठीपाशी ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, कारण आतल्या बाजूचे धागे सैल पडतात आणि बाहेरचे एकटेच ओढले जातात. पत्र्याच्या कपाटाच्या धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर मध्ये जाड पुठ्ठा किंवा घडी घातलेली चादर ठेवावी. दरवेळी वापरण्याआधी पट्टा हातातून संपूर्ण सरकवून बघावा. कडेला चीर, शिलाईतून सुटलेले दोरे, वितळून कडक झालेली जागा, उन्हाने फिकट पडून खडबडीत झालेला भाग यांतलं काहीही दिसलं तर तो पट्टा बाद. आणि बाद झालेला पट्टा माळ्यावर टाकू नये की कचऱ्यात अखंड देऊ नये. कात्रीने मधोमध कापावा, नाहीतर कुणीतरी तो उचलून त्यावर फ्रिज टांगतोच.